आज आलें, आज वाटलें

इ. स. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें दिल्लीचा दरबार देवगिरीस आणण्याचें ठरविलें आणि देवगिरीचें दौलताबाद झालें. घरदार सोडून दक्षिणेंत आलेल्या कुटुंबांची घडी बसते न बसते तोंच नवी आपत्ति ओढवली. चांदीच्या टंक्याऐवजीं, तेवढ्याच मोलाचा म्हणून, तांब्या-पितळेचा टंका सुरू झाला. दौलताबादच्या टांकसाळींतही तीं नाणीं पडलीं. त्यांची नक्कल करणें सोपें होतें. घरोघर टांकसाळी निघाल्या, असें त्या काळचा इतिहासकार बरनी लिहितो. १३३२ च्या सुमारास सुलतानानें नाणीं परत घेऊन खजिन्यांतून चांदी मोजून दिली. पण मधल्या काळांत हातांतल्या नाण्याला उद्यां काय येईल, याची शाश्वति कोणास असणार?

याच सुमारास दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब हे दौलताबादेंत येऊन राहिले. १३३७ मध्यें त्यांचें निधन झालें आणि जवळच्या डोंगरावर, हल्लींच्या खुलताबादेंत, त्यांचें दफन झालें. त्यांचीं संभाषणें शिष्यांनीं फारसींत टिपून ठेविलीं आहेत. चिश्ती पंथाच्या मठाचा, म्हणजे खानकाहाचा, संसार 'फुतूह'वर चाले. फुतूह म्हणजे न मागतां आलेलें दान. तें मागावयाचें नाहीं, आणि आलें तर सांठवावयाचें नाहीं, असा दंडक होता. धान्य, कापड, रोकड, जें येई तें स्वयंपाकघराकडे आणि गरजूंकडे जाई. सुलतानानें देऊं केलेलीं गांवें खुद्द निजामुद्दीनांनीं नाकारलीं होतीं. कारण गांव घेतलें कीं वसुलाची काळजी आली, आणि देणाऱ्याची मर्जीही आली. या वृत्तीला ते 'कनाअत' म्हणत. मिळालें तें पुरे, असें मनापासून वाटणें, हा तिचा अर्थ.

यांतलें व्यवहारज्ञान ध्यानांत घेण्याजोगें आहे. नाण्याची किंमत घसरते तेव्हां नाणें धरून बसलेल्याचें नुकसान होतें. काल शिजून पोटांत गेलेल्या अन्नाचें मोल कोणताही सुलतान उतरवूं शकत नाहीं. तरी महिनाअखेरीस हातचें राखून ठेवणाऱ्या गृहिणीस हा दंडक पटणार नाहीं, आणि तिचेंच बरोबर आहे. खानकाहाला उद्यांचें धान्य शहरांतून येत असे. लेकरांच्या घराला तसें कोण आणून देणार? संतांचा नियम जसाच्या तसा संसारांत आणणें हा भाबडेपणा होय. घेण्यासारखें आहे तें एवढेंच, कीं 'किती पुरे' हें त्यांनीं बाजारभावावर सोंपविलें नव्हतें.

पुढें नियम ढिला पडला. गुरूंच्या पश्चात् दर्ग्याची डागडुजी आणि शिष्यांचा उदरनिर्वाह, दोन्ही कठीण झालीं. तेव्हां दर्ग्याच्या फरशींतून चांदीचीं झाडें उगवूं लागलीं. तीं रोज तोडून विकावीं आणि दिवस काढावा, असा क्रम चालला. अखेर जहागीर मिळाली आणि झाडें थांबलीं, नुसते चांदीचे अंकुर उरले, अशी तेथली दंतकथा आहे. कथा मोठी मार्मिक आहे. रोजच्या पुरतें रोज उगवत होतें. कायमची सोय झाल्याबरोबर उगवण संपली.

याच गांवांत, बुऱ्हाणुद्दीनांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारांत, औरंगजेबाची कबर आहे. पंचवीस वर्षें दक्षिणेंत लढून १७०७ मध्यें तो अहमदनगरजवळ वारला. त्याच्या नांवावर सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रांत दोन रकमांचा हिशेब आहे : टोप्या शिवून मिळालेले चार रुपये दोन आणे कफनासाठीं, आणि कुराणाच्या नकला करून मिळालेले ३०५ रुपये फकिरांस वाटण्यासाठीं. एवढें राज्य पदरीं असतांना शेवटीं हिशेब मांडला तो स्वतःच्या बोटांनीं मिळविलेल्या पैशांचा, ही गोष्ट त्याच्या राजनीतीविषयीं कोणाचें कांहींही मत असलें तरी विचार करावयास लावते.

त्या कबरीवर घुमट नाहीं. माथा उघडा, वर माती, आणि मातींत सब्जाचें रोप. भोंवतालची संगमरवरी जाळी पुष्कळ मागाहून, निजामाच्या राजवटींत बसविलेली आहे.