मुठेची पूररेषा पुन्हा का आखावी?

पूर म्हटला की पुणेकराला पानशेत आठवते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या आठवणीच्या सावलीत एक समजूत वाढली, की धरणे शाबूत आहेत तोवर भय नाही. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीचे तळमजले बुडाले, तेव्हा धरणे शाबूत होती. खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याचा आकडा होता सुमारे ३५ हजार क्युसेक, म्हणजे दर सेकंदाला ३५ हजार घनफूट. नकाशावरची निळी पूररेषा मात्र ६० हजार क्युसेक धरून आखलेली. तेथील काही इमारती त्या रेषेच्या आतच आहेत, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे; पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. निम्म्याहून थोड्या अधिक पाण्यात जर ही अवस्था, तर साठ हजारांचे पाणी आज कोठवर चढेल? नकाशावर दाखविले आहे तेथवरच काय?

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर जुन्या नकाशात मिळणार नाही. पूररेषा ही डोंगराच्या कड्यासारखी निसर्गाने घातलेली मर्यादा नव्हे. तो एक हिशेब आहे, आणि हिशेबातील रकमा बदलल्या की उत्तरही बदलते.

हा हिशेब कसा मांडतात ते थोडे पाहू. नदीचे ठिकठिकाणी आडवे छेद मोजतात: या काठापासून त्या काठापर्यंत जमीन कोठे किती उंच, किती खोल. छेदाचे क्षेत्रफळ आणि पाण्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे विसर्ग. वेग ठरतो उतारावर, खोलीवर आणि पात्राच्या खडबडीतपणावर. आयरिश अभियंता मॅनिंग याने १८८९ साली मांडलेले सूत्र यासाठी आजही वापरतात. स्वच्छ नैसर्गिक पात्राचा खडबडीतपणा ०.०३ च्या आसपास धरतात. झाडझाडोरा माजला की तो ०.०६ च्याही वर जातो. उतार आणि खोली तीच ठेवून हा अंक दुप्पट केला, तर वेग निम्मा होतो. मग तेवढेच पाणी वाहून न्यायला नदीला वर चढावे लागते, आजूबाजूला पसरावे लागते. राडारोड्याचा भराव काठावर पडला की छेदच आखडतो. नदीपात्रातील मेट्रोच्या खांबांवर पुष्कळ लिहिले गेले. आम्हाला मैलोगणती पसरलेला भराव अधिक घातक वाटतो, कारण तो एका दिवसात दिसत नाही.

आणखी एक गोष्ट ऐकणाऱ्याला उलटी वाटते. संथ उताराच्या नदीत हा हिशेब खालून वर करीत जातात. खालच्या बंधाऱ्याचा, पुलाचा, संगमापाशी मुळेलाही पूर असेल तर तिचा, फुगवटा वरच्या पाण्याला उचलून धरतो. १९१६ साली स्थापन झालेले, आज खडकवासल्याला असलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र अशा प्रश्नांसाठी नदीच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांतून पाणी सोडीत आले आहे. आता शेकडो छेदांचे गणित संगणक करतो. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाची, १९९५ पासून प्रचारात आलेली ‘हेक-रास’ ही प्रणाली तर कोणालाही विनामूल्य मिळते. छेद मात्र नवे हवेत. वीस वर्षांपूर्वीचे छेद घातले, तर यंत्र वीस वर्षांपूर्वीचीच नदी दाखवील, आणि तीही मोठ्या सुबक रंगांत.

येथवर झाला तो पाण्याच्या उंचीचा हिशेब. पाणी येणार किती, हा वेगळा. धरणाच्या दारांतून सुटलेले पाणी म्हणजे शहरात आलेले सगळे पाणी नव्हे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने माणसे नेली, ती शहरावर कोसळलेल्या पावसाने. डोंगरउतारावर इमारती आणि डांबर आले की पाऊस मुरत नाही. ओढ्याला तो लवकर आणि एकदम येऊन मिळतो.

निळी रेषा साधारणतः पंचवीस वर्षांच्या पुराची, तांबडी शंभर वर्षांच्या पुराची. या शब्दांनी फार घोटाळा केला आहे. शंभर वर्षांचा पूर शंभर वर्षांनी येतो असे नव्हे. तो कोणत्याही वर्षी येण्याचा संभव शंभरात एक. तीस वर्षांच्या कर्जाने घर घेणाऱ्याच्या वाट्याला तो निदान एकदा येण्याचा संभव शंभरात सव्वीस होतो. पंचवीस वर्षांचा पूर पंचवीस वर्षांत निदान एकदा येण्याचा संभव तर शंभरात चौसष्ट. १९६१ चा पूर मात्र या मालिकेत बसवू नये. तो पावसाचा नव्हे, फुटलेल्या धरणाचा. त्याचा अभ्यास निराळा असतो.

रेषा सरकली की माणसेही सरकतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या-तांबड्यांच्या मध्ये अटी. काल नियमात असलेले घर उद्या मनाईत आले, तर ज्याने आयुष्यभराची पुंजी त्यात घातली त्याने काय करावे? कचेऱ्यांतली टाळाटाळ पुष्कळदा या प्रश्नाच्या भीतीने होते, आणि ती भीती खोटी नाही. पण रेषा न हलविल्याने पाणी थांबत नाही. फक्त आणखी चार कुटुंबे तेथे घर घेतात.

नव्या गणिताची परीक्षा एकच: घडून गेलेला पूर त्यात घालावा आणि पाणी प्रत्यक्ष चढले तेथवर चढते का ते पाहावे. त्यासाठी भिंतीवरची चिखलाची रेघ लागते. रंगारी येण्यापूर्वी ती जमिनीपासून किती उंच आहे हे मोजावे, पाणी किती वाजता तेथे होते ते लिहावे, शक्य तर एक छायाचित्र घ्यावे. हे काम ज्याचे घर त्यालाच करता येते; अभियंता पोचेपर्यंत बहुधा भिंत धुतलेली असते.