मोटारींतील गार हवा गरम कां होते?

वैशाखांतील भर दुपारीं हिंगोलीहून कळमनुरीमार्गें नांदेडकडे एखादें कुटुंब निघालेलें असावें, मागच्या आसनावर वृद्ध आजी व तिच्या मांडीवर तान्हें मूल असावें, बाहेर पारा ४२ अंशांवर गेलेला असावा, आणि नेमक्या त्याच वेळीं मोटारीच्या झरोक्यांतून प्रथम कोमट व मग चक्क गरम वारा येऊं लागावा, असा प्रसंग मराठवाड्यांत विरळा नाहीं. अशा वेळीं आधीं कांचा खालीं कराव्या, आजीला व मुलाला सांवलींत घ्यावें. यंत्राची चिकित्सा मागून. पण ती चिकित्सा पुढें होते ती बहुधा दोनच शब्दांत: "गॅस संपला." गॅस भरला जातो, हवा गार होते, आणि पुढच्या चैत्रांत तेंच दुकान, तेच शब्द व तोच खर्च.

या दोन शब्दांत खरें किती, हें समजण्यास घरांतील माठाकडे पाहावें. माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन जातें व जातांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. मोटारींत पाण्याच्या जागीं बहुधा आर-१३४ए नांवाचा पदार्थ असतो. वातावरणाच्या दाबाखालीं तो उणे २६ अंशांवरच उकळतो. डॅशबोर्डामागील कूलिंग कॉइलमध्यें तो उकळतो आणि आंतील हवेची उष्णता शोषून घेतो. मात्र माठांतील वाफ उडून जाते, तशी ही जात नाहीं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर तिला ओढून दाबतो. दाबानें ती तापते. मग रेडिएटरच्या पुढें बसविलेल्या कंडेन्सरच्या जाळींत ती आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देते व पुन्हां द्रव होते. तो द्रव एका बारीक छिद्राच्या व्हॉल्व्हमधून परत कॉइलमध्यें शिरतो. माठ रोज भरावा लागतो; हें यंत्र रोज काय, दरसाल भरण्याचेंही कारण नाहीं. रबरी नळ्या व जोड यांतून वर्षानुवर्षें थोडा गॅस झिरपतो, हें खरें. परंतु एका उन्हाळ्यांत सारा नाहींसा झाला तर तो संपला नसून गळला आहे.

तथापि प्रत्येक गरम वाऱ्यामागें गळतीच असते असेंही नाहीं. हवा केव्हां गरम होते, हा पहिला प्रश्न. मोकळ्या रस्त्यावर गार असणारी हवा हिंगोलीच्या हळद बाजारापुढें, ट्रॅक्टरांच्या रांगेंत गाडी उभी राहतांच गरम होत असेल, तर संशय कंडेन्सरवर व त्याच्या पंख्यावर घ्यावा. धांवत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीला पंख्यावांचून गति नाहीं. शिवाय या जिल्ह्यांत शेतरस्त्यांची धूळ, कापसाचे तंतू व संध्याकाळचे किडे यांनी ती जाळी भरून जाते. उष्णता टाकण्याचा दरवाजाच असा बुजल्यावर आंत गॅस पुरेपूर असून उपयोग काय? इंजिन बंद व थंड असतां, मागून पुढें, साध्या नळाच्या धारेनें ती धुवावी. जोराच्या फवाऱ्यानें पातळ पत्रे वांकतात व होता तोही वारा अडतो.

दुसरी परीक्षा कानाची. बटण दाबतांच बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसरचा क्लच 'टक्' असा वाजतो. १९३९ सालीं अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें प्रथम मोटारींत शीतयंत्र बसविलें, तेव्हां हा क्लच नव्हता. गारवा नको असल्यास इंजिन थांबवून पट्टाच काढावा लागे! आज ती टक् ऐकूं आली नाहीं, तर फ्यूज अथवा रिले पाहावा. तींत दोष नसेल तर गॅस उणा झाल्यामुळें दाबाच्या स्विचनें क्लच अडविलेला असण्याचा संभव असतो. कॉम्प्रेसरचें तेल गॅसबरोबरच फिरतें, म्हणून ही अडवणूक त्याच्या रक्षणासाठींच असते. तारा परस्पर जोडून क्लच चालविणारा कारागीर थोड्या खर्चाचें काम मोठें करून ठेवतो.

आरंभीं गार असलेला वारा पुढें क्षीण होत गेला, तर कॉइलवर बर्फ धरला असेल अथवा केबिनचा फिल्टर धुळीनें कोंदला असेल. एका बाजूस गार व दुसऱ्या बाजूस गरम वारा येत असेल, तर आंतील झडप अडकलेली असूं शकते.

एवढ्यानें उलगडा न झाला तर दाबमापकें लावावीं लागतात. दोन्ही बाजूंचे दाब कमी असतील तर गॅस उणा. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सर उष्णता टाकीत नाहीं, किंवा गॅस प्रमाणाबाहेर भरला आहे. ओढीचा दाब जास्त व दाबाच्या बाजूचा कमी असेल तर कॉम्प्रेसर थकला आहे. यांतील मधला प्रकार ध्यानांत घेण्यासारखा आहे. अधिक गॅस म्हणजे अधिक गारवा हा समज सर्रास आढळतो. वस्तुतः जादा द्रवानें कंडेन्सर भरून जातो व हवा उलट गरम होते.

गळती ठरल्यास ती आधीं शोधली पाहिजे. जेथून गॅस जातो तेथें तेलाचा चिकट, धुळकट डाग बहुधा दिसतो. नाहींतर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसानें जागा सांपडते. कित्येकदां दोष एका रबरी कड्याचा असतो. दुरुस्तीनंतर पंपानें निदान अर्धा तास निर्वात केलें पाहिजे, कारण आंत राहिलेला ओलावा व्हॉल्व्हमध्यें गोठतो व तेलांत आम्ल उत्पन्न करतो. उरलेला जुना गॅस हवेंत सोडूं नये, यंत्रानें काढून घ्यावा. त्याचा एक किलो शंभर वर्षांच्या मापानें सुमारें १४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता कोंडतो, आणि असे वायू कमी करीत नेण्याचा किगाली करार भारतानें २०२१ सालीं मान्य केला आहे.

नवा गॅस अंदाजानें नव्हे, तर बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या वजनाइतकाच तोलून भरावा. मग कांचा लावून, हवा आंतल्या आंत फिरवून, मधल्या झरोक्यांत साधा तापमापक धरावा. हिंगोलीच्या उन्हांतही दहा मिनिटांनीं तो १० ते १५ अंशांच्या आसपास यावा. न आल्यास पैसे देण्यापूर्वीं पंखा फिरतो कीं नाहीं तें पुन्हां पाहण्यास सांगावें.