कॉन्फरन्स बदलली की खेळाडूंचे काय होते?



उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेल्या मुलामुलींच्या बोलण्यात ‘बिग टेन’, ‘एसीसी’, ‘पॅक-१२’ अशी नावे पुष्कळदा येतात. विद्यापीठे खेळांसाठी आपसात जे गट करतात, त्यांची ही नावे. अशा गटाला तिकडे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. विद्यापीठ कोणत्या कॉन्फरन्सशी संलग्न आहे, यावर तेथील खेळाडूंचे बरेच काही अवलंबून असते. ते कसे, हे या लेखात पाहू.

कॉन्फरन्सचे काम काय?

आपल्याकडे अनेक आंतरविद्यापीठ स्पर्धा विभागवार होतात आणि विभाग भूगोलावरून ठरतो. अमेरिकेतही सुरुवात अशीच, शेजारच्या विद्यापीठांनी एकत्र येऊन झाली. विद्यापीठीय खेळांचे देशपातळीवरील नियम ‘एनसीएए’ ही संस्था करते; पण हंगामात मुख्यतः कोणाशी खेळायचे, हे कॉन्फरन्सवरून ठरते. बास्केटबॉलसारख्या खेळात कॉन्फरन्सच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. काही नियमही कॉन्फरन्सचे स्वतःचे असतात. उदाहरणार्थ, हार्वर्ड, येल आदी आठ विद्यापीठांची ‘आयव्ही लीग’ खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही.

आणखी एक मोठे काम म्हणजे टी.व्ही. प्रक्षेपणाचे हक्क एकत्रितपणे विकून आलेला पैसा सभासदांत वाटणे. यात सर्वाधिक पैसा अमेरिकन फुटबॉलचा असतो. (हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे.) गेल्या काही वर्षांतील उलथापालथीचे मूळ या पैशात आहे.

पॅक-१२ ची कहाणी

प्रशांत महासागराच्या किनाऱ्याकडील विद्यापीठांची ही परंपरा १९१५ पासूनची. २०११ मध्ये सभासद बारा झाले. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसची यूएससी व यूसीएलए ही दोन विद्यापीठे ‘बिग टेन’मध्ये जाणार असे जाहीर झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बिग टेनने टी.व्ही. कंपन्यांशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. पॅक-१२ ला तसा करार मिळेना. २०२३ च्या उन्हाळ्यात एकामागून एक सभासद बाहेर पडले. शेवटी ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट ही लहान गावांतील दोनच विद्यापीठे उरली.

परिणाम कोणते झाले?

१. पैसा : यूसीएलएच्या क्रीडाविभागाला मोठी तूट होती. बिग टेनमध्ये गेल्यामुळे काही खेळ बंद करण्याची पाळी टळली, असे त्यांचे म्हणणे होते. मोठ्या गटात जागा मिळावी म्हणून डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने तर एसीसीकडून नऊ वर्षे टी.व्ही.चा पैसा न घेण्याचे मान्य केले!

२. प्रवास : ‘एसीसी’तील पहिले अक्षर अटलांटिक महासागराचे, पण २०२४ पासून पॅसिफिककडील स्टॅनफर्ड व बर्कली तिचे सभासद आहेत. बिग टेनमध्ये आता दहा नव्हे, अठरा विद्यापीठे आहेत. त्यांपैकी लॉस एंजेलिस व न्यू जर्सीतील रटगर्स यांच्यात सुमारे ३,९०० किलोमीटर अंतर आहे आणि घड्याळात तीन तासांचा फरक. फुटबॉलचा सामना आठवड्यातून एकच, तोही बहुधा शनिवारी. पण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलामुलींचे सामने अधिक असतात आणि त्यांचे वर्ग बुडतात.

३. प्रशिक्षक व खेळाडू : ओरेगन स्टेटचे प्रशिक्षक जोनाथन स्मिथ त्याच विद्यापीठाचे माजी खेळाडू. २०२३ च्या अखेरीस ते बिग टेनमधील मिशिगन स्टेटकडे गेले. वॉशिंग्टन स्टेटचा कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि २०२५ मध्ये व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिला आला.

४. सामने : मागे राहिलेल्या दोघांना २०२४ मध्ये दुसऱ्या कॉन्फरन्सच्या संघांशी सामने ठरवून फुटबॉलचे वेळापत्रक भरावे लागले. २०२५ च्या हंगामात तर ते एकमेकांशीच दोनदा खेळले.

५. लहान खेळ : जून २०२५ मध्ये वॉशिंग्टन स्टेटने ॲथलेटिक्समधील उड्या व फेकीचे प्रकार बंद करून लांब पल्ल्याच्या धावण्यावर भर देण्याचे जाहीर केले. कॉन्फरन्सचा वाद फुटबॉलच्या पैशावरून झाला. जागा गेली ती भाला व गोळा फेकणाऱ्यांची. त्यांचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नव्हता.

याचा अर्थ मागे राहिलेले खेळात हलके होते, असा मात्र नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये वॉशिंग्टन स्टेटने बिग टेनमध्ये गेलेल्या वॉशिंग्टन विद्यापीठाला २४-१९ असे हरविले. दोघांनी मिळून पॅक-१२ चे नावही सोडले नाही. २०२६ च्या उन्हाळ्यापासून बॉयझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट आदी नवे सभासद घेऊन ती पुन्हा उभी करण्याचे त्यांनी ठरविले.

पालकांना एक सूचना. खेळाच्या शिष्यवृत्तीवर मुलांना तिकडे पाठविण्याचा विचार असेल तर विद्यापीठाच्या नावावर थांबू नका. त्याची कॉन्फरन्स कोणती, सामन्यांसाठी किती दूर जावे लागते, वर्ग किती बुडतात आणि आपल्या मुलाचा खेळ तेथे पुढील चार वर्षे टिकेल काय, हे आधी विचारा. आपला मुलगा वा मुलगी फुटबॉल सोडून दुसरा खेळ खेळत असेल तर शेवटचा प्रश्न सर्वांत आधी विचारा.