आतड्यांचा स्वतंत्र कारभार

घास चावावा की गिळावा, हे आपल्या इच्छेवर अवलंबून असते. पण तो एकदा घशाखाली उतरला की त्यावरील आपली सत्ता संपते. ती पुन्हा हाती येते ती मलविसर्जनाच्या वेळी. मधल्या दीर्घ प्रवासात अन्नाला पुढे नेतो तरी कोण? मेंदू, असे उत्तर कोणीही देईल. परंतु ते पुरते खरे नव्हे.

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. आतल्या थराचे तंतू वर्तुळाकार व बाहेरच्याचे उभे असतात. या दोहोंमध्ये मज्जापेशींचे एक जाळे पसरलेले आहे. लेओपोल्ड आउअरबाख या जर्मन शास्त्रज्ञाने ते एकोणिसाव्या शतकात शोधून काढले. दुसरे जाळे अस्तराजवळ असून त्याचे वर्णन गेओर्ग माइसनर याने १८५७ मध्ये केले. या मज्जापेशींची एकूण संख्या दहा कोटींहून अधिक असावी, असा अंदाज आहे.

विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणारे मज्जातंतू त्यांनी तोडले. तरीही आतड्याला एका जागी डिवचताच त्याच्या वरचा भाग आकुंचन पावे व खालचा सैल पडे. मेंदूशी संबंध तुटला असताही आतडे आपले काम जाणत होते!

हे घडते कसे? अन्नाने भिंत ताणली गेली की अस्तरातील काही पेशी सेरोटोनिन नावाचे द्रव्य सोडतात. त्यामुळे जाळ्यातील मज्जापेशी जाग्या होतात आणि मागील स्नायूंना आवळण्याचा व पुढील स्नायूंना सैल होण्याचा संदेश देतात. मागचे दार लावून पुढचे उघडावे, तसाच हा प्रकार. या हालचालीस क्रमसंकोच म्हणतात. मेंदूचे नियंत्रण मुळीच नसते असे मात्र नाही. तो या कारभाराला वेग देऊ शकतो किंवा लगाम घालू शकतो. परीक्षेच्या दिवशी पोटात होणारी कालवाकालव हे त्याचेच उदाहरण होय.

या जाळ्याचे मोल ते नसते तेथे कळते. डेन्मार्कमधील बालरोगतज्ज्ञ हारल्ड हिर्शस्प्रुंग याने १८८६ मध्ये दोन अर्भकांची हकीकत मांडली. बद्धकोष्ठामुळे मोठे आतडे फुगून ती दगावली होती. फुगलेला भागच रोगी, असा समज पुढे दीर्घकाळ राहिला. वस्तुतः दोष त्याखालच्या अरुंद भागात होता. गर्भावस्थेत या मज्जापेशी मानेकडील भागातून निघून आतड्याच्या टोकापर्यंत उतरतात. त्या वाटेतच थांबल्या तर उरलेला भाग सैल पडू शकत नाही, आणि वरचा मल तुंबून राहतो. हे कारण उमगल्यावर ऑर्व्हार स्वेन्सन याने १९४८ मध्ये तो सदोष भाग काढून निरोगी टोक खाली जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली.

सुमारे ५,००० नवजात बालकांत एकाला हा विकार असतो. जन्मानंतर ४८ तासांत बाळाचा पहिला काळसर मल बाहेर पडला नाही, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला डॉक्टरांकडे न्यावे. वेळीच निदान झाल्यास आज बहुतेक बालके वाचतात.