फिरत्या घरातील दीपयोजना

युरोप-अमेरिकेत ज्या मोटारींतच शय्येची, स्वयंपाकाची आणि स्नानाची तजवीज असते, त्या फिरत्या घरांचा रात्रीचा प्रकाश बहुधा 12 व्होल्टच्या बॅटरीवर अवलंबून असल्यामुळे, दिव्यांची निवड हा तेथे केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही. 10 वॅटचे सहा हॅलोजन दिवे चार तास जळले, तर 20 अँपिअर-तास खर्ची पडतात. आणि 100 अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतून वारंवार निम्म्याहून अधिक वीज काढणे तिच्या आयुष्यास अपायकारक असल्याने, हा खर्च मुळीच क्षुल्लक नव्हे. जवळजवळ तेवढाच उजेड 2 वॅटचे एलईडी दिवे 4 अँपिअर-तासांत देतात. मात्र चार्जिंगच्या वेळी विद्युद्दाब 14 व्होल्टांवर चढतो, म्हणून 10 ते 30 व्होल्ट सोसणारेच दिवे घ्यावेत, अशी वाचकांस आग्रहाची विनंती आहे.