सही करण्यापूर्वी पत्र वाचा

भोसरी, आकुर्डी, चाकणच्या कारखान्यातून मुलाला वा मुलीला नोकरीचे पत्र आले की घरात पेढे येतात. जरूर यावेत. पण सही करण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. पत्रातला आकडा आणि हाती पडणारा पगार यांत बरेच अंतर असते.

समजा, पत्रात महिना १८,००९ रुपये ‘सीटीसी’ लिहिली आहे. सीटीसी म्हणजे मालकाला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये. बाकी मालकाच्या हिश्श्याचा प्रॉव्हिडंट फंड १,८००, ईएसआय ४८८ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ७२१. आता १५,००० मधून तुमचा फंड १,८००, ईएसआय ११३ आणि पुरुष कामगाराचा व्यवसाय कर २०० वजा करा. उरले १२,८८७. कँटीन व बसची कपात असल्यास ती वेगळी. खोलीभाडे, भिशी, बहिणीची फी याच आकड्यावर ठरवा. फंड व ईएसआयच्या कपातीवर मात्र रागावू नका. म्हातारपणी आणि आजारपणात तीच उपयोगी पडते.

दुसरे, पत्राच्या डोक्यावर नाव कोणाचे? गेटवर पाटी मोठ्या कंपनीची आणि पत्र कंत्राटदाराचे असेल, तर तुमची नेमणूक कंत्राटदाराकडे आहे. ‘पुढे कायम करू’ हे तोंडी आश्वासन हिशेबात धरू नका. कामगार की प्रशिक्षणार्थी, मुदत किती, पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, नोटिशीचा काळ हे सारे लिहिलेले हवे. ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे ना, तेही पाहा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या कायदादुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. तेव्हा ते मागायला संकोच कशाला?

लेखी पत्र हाती आल्याशिवाय जुनी नोकरी सोडू नका. जातीचा दाखला, आयटीआयचे प्रमाणपत्र यांच्या प्रतीच द्या, मूळ कागद घरी ठेवा. नोकरी लावण्यासाठी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आणि काही कळले नाही तर रविवारी वंदनेनंतर पत्र घेऊन विहारात बसा. वस्तीत फंडाचा हिशेब जाणणारा एखादा कारकून, युनियनचा कार्यकर्ता असतोच. त्याला विचारण्यात कमीपणा नाही.

जयभीम!