खाट रिकामी कधी होते?

साथीत ‘रुग्णालयात किती खाटा आहेत?’ असे सगळेच विचारतात. आम्हा डॉक्टरांना त्याहून मोठी काळजी असते, ती म्हणजे खाट किती दिवसांनी रिकामी होते याची. रोज 50 रुग्ण दाखल होत असतील आणि प्रत्येक जण सरासरी 10 दिवस राहत असेल, तर 500 खाटा लागतात. मुक्काम 7 दिवसांवर आला, तर 350 पुरतात.

करोनाकाळात मुंबई महापालिकेने 24 विभागांत वॉर रूम उभारल्या. कोणाला घरीच ठेवायचे, कोणाला विलगीकरण केंद्रात आणि कोणाला प्राणवायूच्या खाटेवर पाठवायचे, हे तिथे ठरे. ओळख नव्हे, गरज पाहून खाट मिळावी, हा त्यामागचा हेतू.

अर्थात खाट म्हणजे नुसता पलंग नव्हे. प्राणवायू आणि परिचारिका नसतील, तर ती असून नसल्यासारखीच.

यात आपलाही वाटा आहे. करोनासारख्या आजारात ऑक्सिमीटरवरचा आकडा 94 च्या खाली गेला, तर घरी थांबू नका. आणि डॉक्टरांनी घरी सोडले, तर ‘आणखी दोन दिवस राहू द्या’ असा आग्रह धरू नका. त्याच खाटेसाठी बाहेर कोणाला तरी धाप लागलेली असते.